ईदला जेवायला नको, समोसे करायला या

"ईद कधी आहे? बिर्याणीला बोलव हं!"

पुण्यातल्या आयटी कंपन्यांत नोकरी करताना गेली बारा वर्षं दर रमजानमध्ये हे वाक्य मी ऐकत आलो आहे. म्हणणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं, त्याबद्दल शंका नाही. मी बोलावतोही. मंडळी रात्री आठला येतात, बिर्याणी खातात, शीरखुर्म्याची दुसरी वाटी मागून घेतात, अम्मीच्या हाताचं तोंडभरून कौतुक करतात आणि दहाला निघून जातात. ज्या हाताचं कौतुक चाललेलं असतं, तो हात त्यांना दिसलेलाच नसतो. अम्मी आत असते, ओट्याशी. मीही बाहेर पाहुण्यांबरोबर गप्पा मारत असतो. आपण मोठं सलोख्याचं काम करतो आहोत, असं मला इतकी वर्षं वाटायचं. २०२५ मध्ये ते वाटणं थोडं डळमळलं. त्याला कारण झाले दोनशे समोसे.

त्या वर्षी गुढीपाडवा ३० मार्चला, रविवारी आला आणि ईद ३१ मार्चला, सोमवारी. आमच्या सोसायटीत चौपन्न घरं आहेत, त्यांतली मुसलमानांची दोन. दोन्ही सण असे पाठोपाठ आले म्हणून पुढच्या शनिवारी, ५ एप्रिलला, 'पाडवा-ईद मिलन' करायचं ठरलं. प्रत्येक घरानं एक पदार्थ आणायचा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मी उत्साहाच्या भरात लिहून टाकलं, "आमच्याकडून पट्टी समोसे. दोनशे. शाकाहारी."

तासाभरानं दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मला स्वतंत्र मेसेज आला. "अरे, रागावू नकोस. पण तेल वेगळं असेल ना? आणि कढई?"

मी रागावलोच. उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. हा प्रश्न माझ्यासाठी नुसत्या कढईचा नव्हता. सात वर्षांपूर्वी भाड्याचं घर शोधताना एका दलालानं आधी माझं आडनाव विचारलं आणि मग 'मालकांना शाकाहारी कुटुंब हवंय' असं सांगितलं. मी म्हटलं, घरात मांस शिजवणार नाही, तसं लिहून देतो. तो हसला. त्या हसण्यातून मला कळलं की प्रश्न जेवणाचा नव्हताच. तेव्हापासून कुणी तेल, भांडं, वास असलं काही विचारलं की मला तो दलाल आठवतो.

अम्मीला मेसेज वाचून दाखवला. मला वाटलं, तीही दुखावेल. ती म्हणाली, "विचारलं ना? बरं केलं. न विचारता, तोंडावर हसून, प्लेट तशीच ठेवून गेली असती तर? आणि तू बाहेर खाताना हलाल आहे का विचारतोस, तेव्हा त्या हॉटेलवाल्याला राग येतो का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दलालाचा प्रश्न दार बंद करण्यासाठी होता. काकूंचा प्रश्न दार उघडण्यापूर्वीचा होता. दोन्ही प्रश्न ऐकायला सारखे वाटतात, म्हणून आपण दोघांनाही एकच उत्तर देतो. ही माझी चूक होती आणि ती मी एकटाच करत असेन असं वाटत नाही.

पुढचं अम्मीनंच ठरवलं. "त्यांनाच बोलव की करायला. म्हणावं, तुमचीच कढई आणा, तेलही तुम्हीच आणा."

शुक्रवारी रात्री मी काकूंना तसं कळवलं. शनिवारी सकाळी दहा वाजता त्या आल्या, स्वतःची लोखंडी कढई, तेलाचा डबा आणि पोळपाट-लाटणं घेऊन. मागोमाग आणखी दोघीजणी आल्या. हॉलमध्ये चादर अंथरली. मी दारातून "चहा टाकू का?" असं विचारून आतल्या खोलीत निघालो होतो. अम्मी आमच्या घरच्या दखनीत म्हणाली, "हात चला, मूँ नको चला." मी बसलो.

पस्तिशी ओलांडली तरी मी आयुष्यात एकही समोसा वळला नव्हता. खाल्ले किती याचा हिशेब त्या दिवशी पहिल्यांदा केला. आमच्या घरी रमजानमध्ये रोज निदान बारा समोसे होतात. महिन्याचे तीनशे साठ. मला आठवतं तेव्हापासूनची तीस वर्षं धरली तर दहा हजार आठशे. हे सगळे अम्मीनं केले, तेही रोजा ठेवून, असरच्या नमाजनंतर तापलेल्या तेलासमोर उभं राहून. मीठ बरोबर पडलंय का हे चाखून पाहायचं नाही, वासावरून आणि अंदाजानं ठरवायचं. आम्ही तिघं पुरुष मात्र मगरिबच्या अजानच्या पाच मिनिटं आधी हात धुऊन दस्तरखानावर बसायचो आणि एखाद दिवशी मीठ कमी पडलं तर तसं बोलूनही दाखवायचो.

घरच्यांना खाऊ घालणं हा मोठा सवाब आहे, असं आपण बायकांना नेहमी सांगतो. खरंच तसं असेल तर एवढा सवाब आपण पुरुषांनी त्यांच्यासाठीच का सोडून दिला? बाकी कुठल्या गोष्टीत आपण इतके उदार नसतो. पैगंबर घरात काय करायचे, असं हजरत आयेशा यांना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की ते घरच्यांच्या कामात असायचे आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडायचे. ही हदीस बुखारीत आहे. दाढीबद्दलची सुन्नत आपल्याकडे लहान मुलालाही सांगता येते. घरकामाबद्दलची सुन्नत जुम्म्याच्या खुतब्यात मी फारशी ऐकलेली नाही.

आता समोशांविषयी. दोनशे नगांना आम्ही सव्वा किलो मैदा घेतला. मीठ आणि थोडं तेल घालून घट्टसर मळला. पट्टी समोशाची खरी गंमत पट्टीत आहे. दोन छोट्या पुऱ्या लाटायच्या, एकीवर तेल लावून कोरडं पीठ भुरभुरायचं, दुसरी तिच्यावर ठेवायची आणि दोन्ही मिळून पातळ पोळी लाटायची. ती तव्यावर नुसती शेकायची, डाग पडू द्यायचे नाहीत. गरम असतानाच दोन पापुद्रे अलगद सोडवायचे आणि त्यांच्या लांब पट्ट्या कापून ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायच्या.

अम्मी तेल-पीठ लावत होती तेव्हा काकू एकदम म्हणाल्या, "अहो, हा तर साटा! आम्ही करंजीला तूप आणि तांदळाच्या पिठाचा लावतो." मग दोघींचं जे सुरू झालं ते थांबेना. साटा जास्त झाला तर काय होतं, पारी जाड राहिली तर काय होतं, कुणाच्या सासूनं कशावरून किती ऐकवलं. या दोघी एकाच इमारतीत पाच वर्षं राहतात. लिफ्टमध्ये भेटल्या की 'कशा आहात?' 'बऱ्या आहोत' एवढंच बोलणं व्हायचं.

सारण कांदा-कोबीचं होतं. दोन किलो कांदा, एक किलो कोबी, हिरवी मिरची, पुदिना, जिरं आणि पाव किलो पातळ पोहे. पोहे चवीसाठी नसतात, कांद्याचं सुटलेलं पाणी पिऊन घेण्यासाठी असतात. इराणी हॉटेलांतल्या कांदा समोशातही हीच युक्ती असते. मी घाईनं कोमट सारण भरलं. माझे पहिले दहा समोसे तेलात पडताच उकलले आणि सगळी कढई कांद्यानं भरली. वाफेनं पट्टी मऊ पडली होती, शिवाय मी टोकाचं बारीक भोक मोकळंच सोडलं होतं. अम्मीनं मैद्याची खळ बोटावर घेऊन ते टोक कसं बंद करायचं ते दाखवलं. मोठी बाजू कुणीही चिकटवतो, समोसा फुटतो तो टोकाशी. तेल गाळून घेताना काकू म्हणाल्या, "असू दे रे, माझ्याही पहिल्या करंज्या फुटल्या होत्या." सकाळी त्याच तेलाची त्यांना काळजी होती. आता ते मी खराब केलं होतं आणि त्या मला धीर देत होत्या.

तिसऱ्या घाण्याच्या वेळी बोलणं पाडव्याकडे वळलं. काकू म्हणाल्या, "गुढी उभारली यांनी, फोटो काढले मुलानं. पहाटे पाचपासून चक्का फेटणं, पुरण वाटणं, माळ, गाठी, पूजेची तयारी हे सगळं माझ्याकडे. दुपारी मी जेवायला बसले तेव्हा तीन वाजले होते." अम्मी हसली. ईदच्या दिवशी तिचंही जेवण त्याच सुमाराला झालं होतं. हिंदू-मुस्लिम ऐक्यावर मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. त्यांत आपले सद्गुण कसे सारखे आहेत हे सांगितलेलं असतं. आपले दोषही किती सारखे आहेत, हे मला त्या दिवशी पोळपाटाशी कळलं.

समोसा तरी मुळात कुणाचा? बगदादमध्ये दहाव्या शतकात लिहिल्या गेलेल्या अरबी पाकग्रंथात तो 'संबूसज' या नावानं भेटतो. चौदाव्या शतकात इब्न बतूतानं मुहम्मद बिन तुघलकाच्या दरबारातल्या मेजवानीत खिमा, बदाम, पिस्ते भरलेला समोसा खाल्ल्याचं लिहून ठेवलं आहे. इ. स. १५०० च्या सुमारास मांडूच्या सुलतानासाठी तयार झालेल्या 'निमतनामा'त त्याच्या अनेक कृती आहेत. आज ज्याच्याशिवाय समोसा डोळ्यांसमोर येत नाही तो बटाटा आणि ती मिरची, दोन्ही अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळात इकडे आली. म्हणजे आवरण एकीकडचं, सारण दुसरीकडचं आणि तळणारे हात इथले. त्यावर मालकी सांगत बसलो तर हातात पट्टीसुद्धा उरणार नाही.

माझ्या काही मुस्लिम मित्रांना हे पटलं नाही. "ईदच्या कार्यक्रमाला कांदा-कोबी? खिम्याचे का नाही केलेस? तू दबलास." त्यांना माझं सांगणं साधं आहे. खिम्याचे समोसे ईदला घरी झाले आणि पुढेही होतील. पण सगळ्यांनी मिळून खायचं तेव्हा सगळ्यांना चालेल असं करणं याला दबणं म्हणत नाहीत, पाहुणचार म्हणतात. सोसायटीत एक जैन कुटुंब आहे. त्यांच्यासाठी तीस समोसे कांद्याशिवाय, मूगडाळीचे केले. कार्यक्रम सहाला सुरू केला, कारण त्यांना सूर्य मावळायच्या आत खायचं होतं. आम्ही महिनाभर सूर्य मावळायची वाट पाहून खात होतो. एकाच सूर्याकडे बघून दोन घरं आपापलं व्रत पाळतात, यात अडचण ती कसली? मात्र उद्या कुणी येऊन 'तुम्ही तुमच्या घरात काय शिजवायचं ते आम्ही ठरवू' असं म्हणालं, तर तिथे पाहुणचाराचा प्रश्न उरत नाही. तो हक्काचा प्रश्न होतो आणि तिथे मी हटणार नाही. ही रेघ आपल्याला स्पष्ट दिसली पाहिजे. ती दिसत नाही म्हणून कुणी सगळीकडे वाकतो आणि कुणी सगळीकडे भांडतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आडनावावरून घरं नाकारली जातात, दुकानांवर बहिष्कार घाला म्हणून सांगितलं जातं, आणि तू समोशाच्या गोष्टी सांगतोस? हा आक्षेप मला मान्य आहे. समोसा हे अन्यायावरचं उत्तर नाही. त्यासाठी कायदा, संघटना आणि आवाज लागतो. एकत्र जेवण्याला मर्यादा असतात, हे महाराष्ट्राला तर फार पूर्वीच कळलेलं आहे. आपल्याकडे अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकर सहभोजनं घातली. ते धाडसाचं काम होतं, त्याचं मोल कमी नाही. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या आपल्या न झालेल्या भाषणात स्पष्ट लिहिलं की सहभोजनानं जातीची भावना मरत नाही. एका पंगतीत बसून जेवणारी माणसं उठून आपापल्या जातीत परत जातात.

बारा वर्षांच्या माझ्या बिर्याणीच्या पंगतीचंही तेच झालं होतं. जेवणारा पाहुणा असतो. पाहुण्याचं कौतुक ऐकायचं असतं, त्याच्याकडून काही मागायचं नसतं आणि त्याला काही विचारायचंही नसतं. बरोबर बसून करणारा मात्र भागीदार होतो. त्याला मीठ कुठे आहे ते सांगावं लागतं. त्याचा हात भाजला तर आपल्या घरातली मलमाची ट्यूब शोधावी लागते. त्याच्या देखत आपण चुकतो. संविधानाच्या उद्देशिकेत स्वातंत्र्य आणि समता यांच्या सोबतीनं बंधुता आहे. पहिल्या दोन्हींसाठी न्यायालयात जाता येतं. बंधुता मागायला कुठल्या न्यायालयात जाणार? ती हातानंच करावी लागते. आणि घरातल्या बाईला ओट्याशी एकटं सोडून बाहेर हॉलमध्ये केलेली बंधुता अर्धी कच्चीच राहते.

त्या संध्याकाळी काय झालं, तेही खरं सांगायला हवं. सगळे समोसे संपले नाहीत. चौदा उरले. दोन घरांनी हातही लावला नाही. मी कारण विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. कुणाचं मन एका दिवसात पालटलं, असला चमत्कार घडला नाही. पण समोसे वाढायला काकू उभ्या होत्या. कुणीतरी हळूच विचारलं, "तेल...?" काकू मोठ्यानं म्हणाल्या, "माझंच आहे. आणि नसतं तरी काय?" त्यातलं पहिलं वाक्य सकाळी दहालाही खरं होतं. दुसरं त्या दुपारी कधीतरी तयार झालं.

शेवटी चंद्राबद्दल, कारण हा योग त्यानंच जुळवून आणला. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं असतं, म्हणून ईद दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. मराठी महिनेही चंद्राचेच, पण अधिक महिना घालून ते ऋतूंशी जुळवून घेतले जातात. २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला आणि ईद ११ एप्रिलला होती. २०२५ मध्ये दोघांत एका दिवसाचं अंतर. दोन्ही सण एकाच अमावास्येनंतरच्या नव्या चंद्राचे. रविवारी सूर्य मावळायला आला तशी घरोघरच्या गुढ्या उतरू लागल्या आणि आम्ही गच्चीवर जाऊन ईदचा चाँद शोधू लागलो. काकूंची नातही आमच्याबरोबर पश्चिमेकडे बघत होती. चाँद तिलाच आधी दिसला.

२०२६ मध्ये पाडवा १९ मार्चला आणि ईदही त्याच्या पाठोपाठच. त्यानंतर २०२६ च्या उन्हाळ्यात अधिक ज्येष्ठ येतो आणि ताटातूट होते. २०२७ मध्ये ईद मार्चच्या दहा तारखेच्या आसपास असेल आणि पाडवा ७ एप्रिलला. मग हे दोन सण असे हातात हात घालून यायला साधारण तीस वर्षं लागतील. तेव्हा अम्मी नसेल, काकू नसतील. माझी मुलगी माझ्या आजच्या वयाची असेल.

सलोखा पंचांगाच्या भरवशावर सोडला तर तो असा तीस वर्षांतून एकदा येईल. म्हणून माझ्या ऑफिसातल्या मित्रमैत्रिणींना आणि हे वाचणाऱ्या तुम्हा सगळ्यांना आतापासूनच सांगून ठेवतो. पुढच्या ईदला रात्री आठला बिर्याणीला येऊ नका. आदल्या दिवशी दुपारी या. बरोबर आपलं लाटणं आणा आणि शंका असेल तर आपली कढईही आणा. मुस्लिम घरांतल्या भावांनो, तुम्हाला तर लांबून यायचंही नाही. हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत चालत जायचं आहे.

काय करायचं ते तिथे गेल्यावर कळेल. आमच्याकडे आलात तर अम्मी सांगेलच: हात चला, मूँ नको चला.